डिझेल मोकळे कोणासाठी?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



किनवटच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी आली आणि आपलाच कापूस राज्याबाहेर विकणे गुन्हा झाला. आदिलाबादला भाव बरा असला तरी रात्रीच्या अंधारातच गाडी काढावी लागे. ती बंदी गेली. आज सीमेचा विषय काढायचा तो डिझेलसाठी.

सरकार सांगते, १९ ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचा भाव बाजारावर सोडला. आम्ही खुल्या बाजाराचे. आम्हाला आनंदच व्हायला हवा. पण तेव्हा जगात तेल घसरत होते, आणि ती घसरण आपल्या पंपावर पोचण्याआधी केंद्राने नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये नऊ वेळा उत्पादन शुल्क वाढवले. मे २०२० मध्ये तेल मातीमोल झाले, तेव्हा डिझेलवर एका रात्रीत लिटरला तेरा रुपये कर! उलट नोव्हेंबर २०२१ नंतर पाच राज्यांच्या निवडणुका आल्या. तेल शंभर डॉलरवर गेले तरी पंपावरचा भाव साडेचार महिने हलला नाही. याला खुला बाजार म्हणायला आमची जीभ धजत नाही.

आता देगलूर तालुका पाहा. तीन राज्यांचा तिठा. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरचे दहा रुपये सोडले. कर्नाटकाने आपल्या करातले आणखी सात सोडले. महाराष्ट्राने सोडले नाहीत, तेलंगणानेही नाहीत. कंपन्या त्याच, तेल तेच. तेव्हा औरादकडे गेले की स्वस्त, मदनूरकडे गेले की महाग, असे झाले. मालमोटारवाला टाकी कर्नाटकात भरू लागला. अलीकडचा पंप ओस पडला की शेजारचा पंक्चरवाला आणि चहाची टपरीही बसते. आणि टाकी स्वस्तात भरली म्हणून आपल्या कापसाचे भाडे कोणी उतरवत नाही.

त्या वेळी शेतकरी मोटारसायकलला दोन कॅन बांधून पंचवीस किलोमीटर गेला तर? चाळीस लिटरवर सात रुपयांनी दोनशे ऐंशी वाचले. त्यातून शंभरापुढच्या भावाचे लिटरभर पेट्रोल गेले, आणि वेचणीच्या दिवसांतला अर्धा दिवस गेला. तो कोणत्या पावतीवर लिहायचा?

ट्रॅक्टरवाला नांगरटीचा दर वाढवतो, आपण देतो. त्याचाही नाइलाज. पण अडत्याला आपण म्हणू शकतो का, की डिझेल वाढले, ज्वारीला क्विंटलमागे एवढे जास्त दे?

महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये डिझेलवर तीन रुपये सोडले. १ जुलै २०१७ ला देशभर एक कर म्हणून जीएसटी आला, त्यातून डिझेलही बाहेर ठेवले. आम्ही सबसिडी मागत नाही. शेतात जळणाऱ्या डिझेलवरचा कर काढा, एवढेच मागतो.

पुढच्या बैठकीला सीमेवरच्या गावांनी दोन्ही बाजूंच्या पंपांच्या एकाच दिवसाच्या पावत्या आणाव्यात. नांगरटीचा, मळणीचा आणि बाजारापर्यंतच्या भाड्याचा दरही त्याच कागदावर लिहावा. निवेदन त्यावरूनच तयार करू.