सरळ माणूस निवडून येतो का?

(मालवण येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



‘राजकारण हे सरळ माणसाचं काम नाही’ हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहज बोललं जातं की ते तपासायचं कुणाला सुचत नाही. मी सॉफ्टवेअरवाला. एखादी गोष्ट चालत नाही असं कुणी म्हटलं, की आधी ती कुठे चालली होती का, ते बघतो.

तर ती इथेच चालली होती. मालवण तेव्हा राजापूर लोकसभा मतदारसंघात होतं. 1957 ते 1970 बॅरिस्टर नाथ पै आणि 1971 ते 1991 प्रा. मधु दंडवते हे आपले खासदार होते. दोघंही समाजवादी, दोघांकडेही ना साखर कारखाना, ना पैशांच्या थैल्या. दंडवते तर जन्माने नगरचे, मुंबईत भौतिकशास्त्र शिकवणारे. 1971 च्या इंदिरा लाटेत ते निवडून आले आणि 1984 च्या लाटेतही टिकले. आणीबाणीत तुरुंगात होते, तरी 1977 ला लोकांनी परत पाठवलं.

पण ते फक्त सज्जन होते म्हणून निवडून आले, असं मला वाटत नाही. सज्जन माणसं प्रत्येक वाडीत असतात. दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम बसवायला घेतला. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाच्या पाठीला ते कळतं! आरक्षणाच्या संगणकीकरणाची सुरुवातही त्यांच्याच काळातली. माझ्या धंद्यातला म्हणून मला हे जास्त भावतं: खिडकीवरच्या कारकुनाला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या हातातली मनमानीच काढून घ्यायची.

मग 1991 ला ते हरले. कोकण रेल्वेसाठी आयुष्य घालवलं, आणि ती पूर्ण मार्गावर धावली 1998 ला. त्यांच्या हरण्याचं कारण सचोटी होती, असं मात्र मी मानत नाही. वीस वर्षांत पिढी बदलते, पक्ष फुटतात, वारं फिरतं. लबाड माणसंही हरतातच की! तेव्हा मात्र कुणी म्हणत नाही की लबाडी नडली.

आता जरा अवघड नाव घेतो. बॅरिस्टर अंतुले. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री आणि आपले कोकणी. आपला सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला त्यांच्याच कारकिर्दीत झाला. संजय गांधी निराधार योजना त्यांचीच. आजही कितीतरी विधवा आणि निराधारांच्या हातात ते पैसे पडतात. आणि जानेवारी 1982 मध्ये, सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडल्यावर त्यांना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी खटल्यात त्यांना शिक्षा झाली नाही. 1989 ला ते कुलाब्यातून खासदार झाले, 2006 ला केंद्रात मंत्री.

या गोष्टीचे दोन अर्धे आपण वेगवेगळ्या ठिकाणी सांगतो. आपल्या बैठकीत निराधार योजना, दुसऱ्यांच्या बैठकीत सिमेंट. मला दोन्ही एकाच बैठकीत बोललेलं हवंय. कामाचा माणूस होता म्हणून लोकांनी मत दिलं, यात गैर काय? पण ‘आपला एकच तर होता, त्यालाही सोडलं नाही’ एवढ्यावर विषय संपवला, तर पुढच्या आपल्या माणसाला हिशेब विचारायचा कसा?

शिवाय सिंधुदुर्गात आपण मूठभर. इथे आपल्यातला कुणी नगरपरिषदेला उभा राहिला, तर फक्त आपल्या मतांवर तो येत नाही. शेजारच्या आळीतल्या गाबीत, भंडारी, मराठा माणसाने विश्वास ठेवावा लागतो. दंडवत्यांनाही इथे भावकी नव्हती. बहुसंख्याकांच्या उमेदवाराचं थोडं इकडचं-तिकडचं खपून जातं. आपल्या उमेदवाराचं एक खोटं बिल सगळ्या जमातीच्या माथी मारलं जातं. हे अन्यायाचं आहे, पण आहे. म्हणून आपल्यासाठी सचोटी ही चैन नाही, गरज आहे. आणि तिला काम जोडलं नाही तर ती नुसती इस्त्रीच्या सदऱ्यासारखी.

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आता सगळ्यांना वाचता येतं: मालमत्ता, कर्ज, खटले, सगळं. तुमच्या प्रभागात उभ्या राहिलेल्यांची प्रतिज्ञापत्रं काढा, आपल्या माणसाचं आधी. आणि जमातीच्या पुढच्या बैठकीत ती मोठ्याने वाचा.

आता प्रश्न विचारा.