वॉलनटचा रंग आणि अक्रोडाचे लाकूड

हडपसरला आमचे सुतारकामाचे दुकान आहे. वडिलांचा हात सागावर बसलेला, माझा सागाबरोबर शिसवावरही. 2000 नंतर मगरपट्ट्याच्या शेतांवर वसाहत उभी राहू लागली आणि गिऱ्हाईके मासिकांतली चित्रे घेऊन येऊ लागली. "आम्हाला वॉलनट हवे." वॉलनट म्हणजे आपला अक्रोड. बहुतेकांना हवा असे तो फक्त त्याचा तपकिरी रंग. प्लायवर त्या रंगाचा सनमायका चिकटवला की काम भागे.

एका बाईंना मात्र लेकीच्या लग्नात द्यायला अस्सल अक्रोडाचे ड्रेसिंग टेबल हवे होते. मी ॲडव्हान्स घेतला, एका व्यापाऱ्याकडून फळ्या आणल्या. पहिला रंधा मारला आणि आतून पांढरट लाकूड निघाले! चूक माझीही होती. फळी घेतानाच तिचे टोक तासून पाहायला हवे होते. अक्रोडाचा गाभा आरपार तपकिरी असतो, त्यात गडद रेघा. फिकट असते ती फक्त सालीलगतची कड.

मी बाईंना खरे ते सांगितले आणि पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. टेबल शिसवाचे झाले. लेक ते घेऊन सासरी गेली.

खरे अक्रोड हाताखाली आले ते पुढे, एक काश्मिरी पेटी दुरुस्तीला आली तेव्हा. तिथले कारागीर त्यावर इतके बारीक कोरीव काम कसे करतात, ते तेव्हा कळले. पोत घट्ट, पटाशी जपून चालवली तर कपची उडत नाही. वजन शिसवापेक्षा कमी, सागाच्या आसपास. नीट वाळवले की सहसा वाकत नाही, धक्काही सोसते. बंदुकांचे दस्ते पूर्वापार अक्रोडाचे, ते यासाठीच. बुंध्याचे मुळालगतचे लाकूड सर्वांत गडद, फांदीचे फिके. मिळते मात्र थोडे. झाड फळ देणारे, शिवाय काश्मीरमध्ये 1969 च्या कायद्याने ते परवानगीवाचून तोडायला बंदी आली.

पण सागातले तेल यात नाही. वाळवी त्याला सोडत नाही. आपल्या पावसाळ्यात खिडकीला, चौकटीला, मोरीजवळच्या कपाटाला सागच बरा. ओल्या अक्रोडाला लोखंड लागले की काळा डाग पडतो, म्हणून स्क्रू पितळी वापरावेत.

त्या पेटीच्या बदललेल्या झाकणाचा तुकडा गल्ल्याशेजारी ठेवला आहे. कुणी वॉलनट मागितले की आधी तो हातात देतो. "एवढे हलके?" असे हमखास विचारतात.