देऊळ, दरबार आणि गावची चावडी



रविवारी सकाळी घंटा होते. माणसे देवळात जाऊन बाकांवर बसतात, पुस्तकातला क्रमांक पाहून गीत म्हणतात, पाळकसाहेबांचा उपदेश ऐकतात. दानाची थैली फिरते, आशीर्वाद होतो आणि मंडळी घरी परतते. महाराष्ट्रातल्या बहुतेक ख्रिस्ती देवळांत थोड्याफार फरकाने हाच क्रम दिसेल. त्यात वावगे काहीच नाही. पण त्याच गावातल्या पलीकडच्या आळीत जाऊन विचारा, आत काय चालतं हो? बहुधा उत्तर येईल, "त्यांचं त्यांचं काहीतरी असतं." हे "त्यांचं त्यांचं" आले कुठून, याचा आज थोडा विचार करू.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांनी ठाणे मांडले. त्यांनी शाळा काढल्या, मुलींना शिकवले, 1842 साली 'ज्ञानोदय' सुरू केला. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र उपासना कशी करावी, हे त्यांना त्यांच्या गावी जसे ठाऊक होते तसेच त्यांनी इथे शिकवले. बाक आले, व्यासपीठ आले, आणि इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीते आली. आता गुरुजींनो, तुम्ही मुलांना वृत्ते शिकवता, तुम्हाला हे चटकन कळेल. इंग्रजी चालीत ठरावीक जागी आघात हवा. मराठी ओळीचा डौल अक्षरसंख्येवर, मात्रांवर, लघुगुरूवर. मग 'तारणारा' हा शब्द चालीत बसवताना 'तार' एका ठेक्यात जातो आणि 'णारा' दुसऱ्या. म्हणणारा भावाने म्हणतो, पण ऐकणाऱ्या नव्या माणसाला शब्दच ओळखू येत नाही.

बरे, वाट माहीत नव्हती म्हणावे, तर तसेही नाही. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले, ते ओवीत. ओवी म्हणजे जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी असलेला छंद. तिला क्रमांक लागत नाही आणि पुस्तकही लागत नाही.

ती वाट पुढे नारायण वामन टिळकांनी रुंद केली. ते 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले आणि 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी अभंग रचले, भजने रचली, ख्रिस्ती कीर्तनाला बळ दिले. लक्ष्मीबाईही कीर्तने करीत. कीर्तनाची सोय पाहा. सतरंजी अंथरली की सभागृह झाले. शेतावरून उशिरा आलेला माणूस मागे टेकतो, लेकुरवाळी बाई मधेच उठून जाते, कोणी कोणाला काही विचारीत नाही. पूर्वरंगात विचार, उत्तररंगात आख्यान. आख्यान ऐकायला धर्म विचारावा लागत नाही. देवळाच्या पायरीवर मात्र माणूस थबकतो; आत गेलो तर लोक काय म्हणतील, असे त्याला वाटते.

तरीही टिळकांचे मोठे धाडस मी गीतांत मानीत नाही. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यास गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना. तुम्ही म्हणाल, यात धाडस ते काय? अहो, मंडळीचा सगळा हिशेब रजिस्टरावर चालतो! सुवार्ताकार्य वाढले की घटले, हे नावे मोजून ठरते. टिळकांनी ते मोजमापच बाजूला ठेवले. काहींना हा सैलपणा वाटला. त्यांची शंका अगदी पोकळ नव्हती, कारण बंधन नसलेला समाज प्रवर्तकाच्या मागे टिकणे अवघड असते. टिळक 1919 च्या मे महिन्यात वारले, दरबाराला पुरती दोन वर्षेही त्यांचा सहवास लाभला नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अभंग आणि टाळ आले म्हणजे सगळे साधले, असे नाही. नगर भागातल्या मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबे गावकुसाबाहेरून आलेली. त्यांना मृदंगाइतकीच, किंबहुना जास्त, शेजारी बसण्याची जागा हवी होती. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त आपले सोवळेओवळे कसे गळून पडले ते सांगितले आहे, ते प्रत्येक मंडळीने वाचावे. जात देवळाबाहेर चपलेसारखी ठेवली जाते आणि घरी जाताना पुन्हा पायात घातली जाते, हे सोयरिकीच्या वेळी दिसतेच. मग शेजारच्या आळीला आपण काय सांगणार?

बदल झालेच नाहीत, असे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962 ते 1965) कॅथलिक उपासना लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली आणि वसईकडे मराठीने ती जागा घेतली. 1970 च्या नोव्हेंबरात नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारतीय चर्च झाले. देवळांवरच्या पाट्या बदलल्या. सकाळचा क्रम बहुतेक ठिकाणी होता तसाच राहिला.

पूर्वी मिशनच्या खेड्यात मास्तर आठवडाभर शाळा चालवी आणि रविवारी उपासनाही तोच घेई. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा मुलगा शाळेत येत नाही, कोणाला सावकाराने गाठले आहे, हे त्याला सगळे ठाऊक असे, कारण तो सर्वांच्या ओट्यावर बसे. पाळकसाहेब आले, बंगला आला, आणि हे ओट्यावरचे बसणे कमी झाले. मंडळीला बाहेर पडायचे असेल तर नवी इमारत बांधण्याआधी हे ओटे पुन्हा शोधावेत, असे मला वाटते.

येत्या नाताळात एवढे करून पाहा. एक संध्याकाळ देवळात न जमता चावडीपुढे सतरंजी टाका. बाजाराचा दिवस टाळा. चांगल्या शोमरोन्याचे आख्यान लावा. वाटेत जखमी पडलेल्याला टाळून कोण पुढे गेले आणि कोण थांबले, हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. टाळ धरायला भजनी मंडळातल्या पोरांना बोलवा, ती येतील. शेवटी थैली फिरवू नका. कीर्तन संपल्यावर चहा होईल तेव्हा लोक विचारतील ते ऐकून घ्या, आणि त्यातले विहिरीचे, दवाखान्याचे, शाळेचे प्रश्न वहीत टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी जायचे आहे.