जिभेचा लगाम



मृदु बोलावें, थोडें बोलावें, हा उपदेश कोणत्या धर्मानें केलेला नाहीं? भगवद्गीतेच्या १७ व्या अध्यायांतील वाङ्मय तपाची व्याख्या आपणांपैकीं पुष्कळांना पाठ असेल. तेव्हां तोच उपदेश ख्रिस्ती ग्रंथांतून पुन्हा ऐकवून मी आपला वेळ घेणार नाहीं. तेथें तो मुख्यतः कोणाला उद्देशून केला आहे, एवढ्याचकडे मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे.

नव्या करारांत याकोबाचें पत्र म्हणून पांच अध्यायांचें एक लहानसें पत्र आहे. त्याचा तिसरा अध्याय जिभेविषयीं आहे. घोड्याच्या तोंडांतील लगाम, मोठ्या गलबताला वळविणारें लहानसें सुकाणूं, रान पेटविणारी ठिणगी, हे तेथील दृष्टांत प्रसिद्ध आहेत. ज्या तोंडानें देवाचें स्तवन करावयाचें, त्याच तोंडानें देवानें आपल्या प्रतिमेप्रमाणें घडविलेल्या माणसाला शिव्याशाप द्यावयाचे, ह्या विसंगतीवर लेखकाचा खरा रोष आहे. प्रवचनांतून हें सारें वारंवार येतें. परंतु त्या अध्यायाचा आरंभ कशानें होतो, तें सहसा कोणी सांगत नाहीं. आरंभ होतो तो शिक्षकांपासून! फार जणांनीं शिक्षक होण्याची हौस धरूं नये, त्यांचा न्याय अधिक कडक होईल, असा इशारा देऊनच लेखक जिभेकडे वळतो.

जन्मभर मास्तरकी केलेल्या माझ्यासारख्याला हें वाचून प्रथम हंसूं येतें. पण त्यांत मर्म आहे. ज्याच्या बोलण्याला उलट उत्तर करतां येत नाहीं, त्याचीच जीभ सर्वांत धोक्याची. ‘मठ्ठ’ हा शब्द मास्तर सहज उच्चारतो आणि घंटा होतांच विसरतो. ज्याला तो लागला, तो मुलगा विसरत नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांत मनुष्यहत्येच्या आज्ञेचा विचार चालू असतांनाच येशूनें भावाला मूर्ख म्हणण्याचा निषेध केला आहे, तो उगाच नव्हे. आणि मास्तरच कशाला? कचेरींतील साहेब, घरांतील कर्ता पुरुष, सुनेपुढें सासूबाई, हीं सर्व मंडळी ह्याच वर्गांत बसावयाचीं.

इटलींतील संत बेनेडिक्ट ह्यांनीं सहाव्या शतकांत मठवासीयांकरितां नियम लिहिले. त्यांत मौनावर स्वतंत्र अध्याय आहे. परंतु मला त्याहून ३१ वा अध्याय अधिक आवडतो. तो आहे मठाच्या कोठावळ्याविषयीं. किल्ल्या त्याच्या कमरेला, म्हणजे सत्ताही त्याचीच. त्याला सांगितलें आहे कीं, कोणी अवाजवी मागणी केली तरी तिरस्कारानें त्याचें मन दुखवूं नये, नम्रपणें व कारण दाखवून नकार द्यावा. देण्यासारखें कांहींच नसेल, तर निदान एक चांगला शब्द द्यावा. म्हणजे कोठी रिकामी असली तरी कोठावळ्याची सुटका नाहीं! आपल्या घरांत मुलाला, मोलकरणीला, पैसे मागावयास आलेल्या गरीब नातलगाला आपण ‘नाहीं’ कसें म्हणतों, तें ह्या कसोटीला लावून पाहण्यासारखें आहे.

संयम म्हणजे केवळ गप्प बसणें, अशीही एक समजूत आढळते. अबोला धरून आठ आठ दिवस घर जाळणारीं माणसें आपल्याला मौनी समजत असतील, तर समजोत. ख्रिस्ती शिकवणींत दोष सांगण्याची मनाई नाहीं. सांगण्याचा क्रम मात्र घालून दिला आहे. मत्तयाच्या १८ व्या अध्यायाप्रमाणें, ज्याचा अपराध असेल त्याला आधीं एकांतांत गांठावें. न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावें. मंडळीसमोर जावयाचें तें त्यानंतर. आपला क्रम नेमका उलटा. आधीं शेजारीं, मग नातलगांत, आणि ज्याचा दोष त्याच्या कानीं सर्वांत शेवटीं, तोही तिखटमीठ लागून!

दोष काढावयाचा तो भाऊ परत मिळावा म्हणून, असें त्याच ठिकाणीं स्पष्ट म्हटलें आहे. शाळा सुटल्यावर एखाद्या मुलाला मागें थांबवून, दार लोटून घेऊन, हलक्या आवाजांत चार शब्द सांगणारे मास्तर मीं पाहिले आहेत. बाहेर खोळंबलेल्या मुलांना वाटे, ह्याला आज कांहींच शिक्षा झाली नाहीं.