राखणीचा कुत्रा आणण्याआधी

बंगला बांधून झाला, आता राखणीला एखादा रॉटवायलर आणू, असं म्हणणारी माणसं मला नेहमी भेटतात. मी एवढंच विचारतो, की सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवणार कोण? उत्तर बहुधा ठरलेलं असतं : गडी आहे ना! मग तो कुत्रा गड्याचा होतो. राखण करतो ती गड्याच्या खोलीची, आणि मालक फाटकातून आत आला की त्याच्यावरच गुरगुरतो.

रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा कुत्रा. गुरं बाजाराकडे हाकायची, गाडी ओढायची, धन्याबरोबर गर्दीतून चालायचं, ही त्याची कामं. पुढे गुरं रेल्वेने जाऊ लागली, त्याचं काम गेलं आणि जात संपायच्या बेताला आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांना तो उपयोगी वाटला म्हणून टिकला. आता विचार करा, भरबाजारात दिसेल त्याच्या पोटरीला झोंबणारा कुत्रा खाटकाने ठेवला असता का? राखणीच्या कुत्र्याला ताकदीइतकंच शांत डोकंही लागतं. तिकडची एडीआरके ही रॉटवायलरवाल्यांची १९२१ची संघटना आजही खुब्यांचा आणि कोपरांचा एक्स-रे काढून, स्वभावाची परीक्षा घेऊन मगच वीण मान्य करते.

आपल्याकडे मात्र पिल्लू मोबाइलवरच्या फोटोवरून ठरतं. तसं करू नका. आधी त्याची आई बघा. विकणारा तिला दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर चहासुद्धा न घेता निघा. आई परक्या माणसाला बघून कोपऱ्यात दबत असेल किंवा अंगावर येत असेल, तर पिल्लं कितीही गुबगुबीत असोत, घेऊ नयेत. भित्रा कुत्रा फार लवकर चावतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी मनाई आहे, तरी पाच आठवड्यांची पिल्लं सर्रास विकली जातात. आई आणि भावंडं यांच्यात राहून, दात किती जोरात लावायचे हे ज्या वयात कळतं, तेच वय त्यात वाया जातं.

तीन ते साधारण चौदा आठवडे, एवढ्या काळात त्याला जग दाखवायचं असतं. लसी पुऱ्या व्हायच्या असल्या, तर कडेवर घेऊन फाटकाशी उभे राहा. सिलिंडर खणखणत आणणारा, छत्री उघडणारी बाई, काठी टेकत येणारे आजोबा, सायकलवरची पोरं, सगळं त्याला बघू द्या. 'लोकांची ओळख झाली तर राखण कसली करणार' ही समजूत साफ चुकीची आहे. रोजचं काय आणि वेगळं काय, हे कळलेला कुत्राच नेमक्या वेळी भुंकतो. साखळीला बांधलेला चोवीस तास भुंकतो, आणि मग घरातलं कुणी उठूनही बघत नाही.

मार्च २०२४मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने तेवीस जातींवर बंदी आणायला राज्यांना लिहिलं, त्यात रॉटवायलर होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. पण त्यामागची भीती अगदीच खोटी होती, असं मी म्हणणार नाही. पूर्ण वाढलेला नर पन्नास किलोंपर्यंत जातो. त्याची एक चूक पॉमेरेनियनच्या दहा चुकांहून महाग पडते.

आता देखभाल. मोठ्या जातीच्या पिल्लाला लोक हौसेने कॅल्शियमची बाटली पाजतात. पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाणं चालू असेल, तर वरून पाजलेलं कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवतं. पिल्लू लठ्ठही होऊ देऊ नका : कुशीवरून हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात आणि खुबे कच्चे असले तर आणखी बिघडतात, म्हणून त्याच्या वाटेवर जुन्या सतरंज्या टाका.

एक आजार मात्र आजच ध्यानात ठेवा. जेवल्यावर पोट नगाऱ्यासारखं ताठ होतं, कुत्रा अस्वस्थ फिरतो, उमासे येतात पण बाहेर काही पडत नाही. पोटाला पीळ बसलेला असतो. ओवा, सोडा, उद्या बघू, यातलं काही नको. त्याच क्षणी गाडी काढा, कारण शस्त्रक्रिया वेळेत झाली नाही तर काही तासांत खेळ संपतो. एकदाच घमेलंभर घालण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा घाला, आणि जेवणानंतर लगेच धावडवू नका.

काळं अंग आणि आपला मे महिना यांचं जमत नाही. फिरणं उजाडायच्या आत. डांबरावर आपलाच तळहात उलटा ठेवून बघा. हाताला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. पावसाळ्यात कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर रक्त तपासून घ्या.

हे सगळं ऐकून ज्यांना धास्ती वाटली असेल, त्यांना रात्री कुणी आलं तर कळावं एवढंच बहुधा हवं असतं. त्यासाठी गल्लीतलं गावठी पिल्लू पुरतं. ऊन सोसतं, भुंकतं खणखणीत. लसी मात्र त्यालाही तितक्याच लागतात, आणि सकाळ-संध्याकाळचा तुमचा वेळही. विचारा आता प्रश्न.