पडद्यावरील सातबारा

३० जुलै १९९१ रोजीं वर्धा नदीच्या महापुरानें नरखेड तालुक्यांतील मोवाड गांव उद्ध्वस्त केलें. दोनशेंवर माणसें दगावलीं, घरें वाहून गेलीं. आणि घरांबरोबर पेट्यांतले कागद जावयाचेच. आतां सातबारा संगणकाच्या पडद्यावर दिसतो, आणि पडद्याचें चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, घेऊन ठेवला कीं काम झालें असें पुष्कळांस वाटतें. परंतु पूर न येतांही हें चित्र हरवतें.

नरखेडकडचा एखादा संत्र्याचा बागाइतदार आणि नागपुरास नोकरी करणारा त्याचा मुलगा डोळ्यांपुढें आणावा. फळपीक विम्याचा अर्ज मुलगाच भरतो आणि अर्जाचा क्रमांक दिसतांच त्याचें चित्र घेतो. पुढें गारपीट होते. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आंत द्यावयाची असते. "अरे, तो नंबर सांग बरं लवकर," असा वडिलांचा फोन येतो. मुलगा संगणक उघडतो, तों समोर शेंकडों चित्रें. आणि त्यांचीं नांवें काय, तर स्क्रीनशॉट १, स्क्रीनशॉट २!

विंडोज १० मध्यें विंडोजची कळ व प्रिंट स्क्रीन हीं दोन्हीं एकदम दाबलीं, कीं चित्र 'पिक्चर्स'मधील 'स्क्रीनशॉट्स' या फोल्डरांत आपोआप जाऊन बसतें. नांव मात्र नुसत्या आंकड्याचें मिळतें. प्रिंट स्क्रीन एकटीच दाबली तर चित्र केवळ तात्पुरत्या स्मृतींत राहतें; लगेच कोठें चिकटविलें नाहीं, तर पुढची नक्कल त्याची जागा घेते. किती चित्रें अशीं गेलीं असतील, त्याची गणतीच नको.

फाइल एक्स्प्लोररचा नेहमींचा शोध नांवें वाचतो, चित्रांतील अक्षरें नव्हे. म्हणून एफ २ दाबून त्याच दिवशीं नांव बदलावें: आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढें 'संत्रा विमा अर्ज'. असें केलें म्हणजे नांवांच्या क्रमानें लावलेलीं चित्रें काळाच्याहि क्रमानें लागतात. तारीख नांवांतच हवी, कारण फाइल दुसऱ्या संगणकावर उतरविली कीं तिची निर्मितीची तारीख बदलते. पाहतांना 'मोठीं चिन्हें' हा प्रकार निवडावा. बरींचशीं चित्रें न उघडतांच ओळखूं येतात. शक्य तर पूर्ण पडद्याचेंच चित्र घ्यावें. कोपऱ्यांतील घड्याळ व वरचा पत्ता त्यांत येतो. कापून घेतलेल्या तुकड्यांत तो राहत नाहीं.

सातबाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. महाभूलेखवर फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठीं असतो. सरकारी कामास १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो. त्याची मूळ पीडीएफ फाइलच जपावी. तिचा स्क्रीनशॉट घेतला तर स्वाक्षरीची आकृती तेवढी उमटते, पडताळण्याजोगी स्वाक्षरी मागेंच राहते. त्या फाइलीची एक प्रत दुसऱ्या गांवच्या नातलगाच्या संगणकावरहि असावी. नदीकांठच्या घरांतला संगणक पेटीइतकाच भिजतो.