जीपची स्टेपनी कुठे टांगावी?



आज मी आपल्याशी एका चाकाविषयी बोलणार आहे. जीप चालते चार चाकांवर; मला सांगावयाचे आहे ते पाचव्या चाकाविषयी. त्याला आपण स्टेपनी म्हणतो. हा शब्द आला कुठून? वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे, आणि त्या गावात स्टेपनी नावाचा एक रस्ता आहे. तेथे डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारींसाठी जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्या रस्त्याचे नाव आज आपल्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे!

माझ्याकडे १९६२ सालची जीप आहे. वडिलांनी ती लिलावात घेतली होती. बी-बियाणे, खताची पोती, लग्नाचे वऱ्हाड, सारे तिने वाहिले. कुणाला रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायचे झाले तरी गावात तिचीच आठवण होई. अशा जुन्या जीपा आपल्यापैकीही काहींच्या दारात असतील. त्यांच्या धन्यांसाठी हे बोलणे आहे. आणि थोडे शिक्षक मित्रांसाठीही.

अडचण काय होते ते पाहा. १९४१ नंतर युद्धात धावलेल्या जीपला मागे उघडणारे दार नव्हते, म्हणून स्टेपनी पाठीवर पक्की बसवलेली असे. १९४५ साली शेतकामासाठी जीप निघाली तेव्हा तिला मागे फाळका दिला आणि स्टेपनी बाजूला गेली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि याच जातीची जीप गावोगाव पोचली. पण बाजूची स्टेपनी पाणंदीत बाभळींना घासते. आत ठेवावी तर दोन पोत्यांची जागा खाते. मागे पक्की बसवावी तर फाळका उघडत नाही, आणि आजाऱ्याला आडवे घ्यायचे तर आधी चाक काढत बसावे लागते. यावर तोड एकच : मागे एक फिरता हात बसवावा, त्यावर चाक असावे, आणि फाटकासारखा तो बाजूला सारता यावा.

मीही तेच केले, पण चुकीचे केले. स्टेपनी सरळ फाळक्यालाच बोल्ट मारून टांगली. फाळक्याला बिजागऱ्या आहेतच, मग वेगळा खर्च कशाला, असा माझा हिशेब! आठ महिने काही झाले नाही. मग एके दिवशी उतारावर एका खड्ड्यात गाडी आदळली, फाळक्याचा पत्रा बिजागरीपाशी फाटला आणि चाक सुटले. खाली शाळेतून घरी निघालेली मुले होती. चाक त्यांच्यापासून दोन हातांवरून गेले आणि ओढ्यात पडले. कुणाला खरचटलेही नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मला तरफेचा धडा शिकवायचा होता!

आमच्या गावच्या मिस्त्रींनी फाटलेला पत्रा पाहिला आणि म्हणाले, "सर, दाराला दार बांधत नाहीत. दार खांबाला बांधतात." सारे शास्त्र त्या एका वाक्यात आले. चाक जड किती, यापेक्षा ते कशाला टांगले आहे आणि आधारापासून किती दूर आहे, हे महत्त्वाचे.

हिशेब करून पाहू. माझे चाक दुकानाच्या काट्यावर २४ किलो भरले. फिरत्या हाताच्या खुंट्यापासून चाकाचा मध्य ६० सेंटिमीटर दूर आहे. खुंट्याचे वरचे व खालचे बेअरिंग एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर असतील, तर २४ गुणिले ६० भागिले २०, म्हणजे ७२ किलोचा ओढा प्रत्येक बेअरिंगवर आडवा पडतो. तेच अंतर ३० सेंटिमीटर केले तर ओढा ४८ किलोवर येतो. आणि हा झाला उभ्या गाडीचा हिशेब. खड्ड्यात हाच ओढा कितीतरी वाढतो. म्हणून खुंटा आखूड ठेवू नये. जुन्या वाड्याचे दार आठवा. त्याच्या कडेचा लाकडी कणा खाली दगडाच्या खळग्यात आणि वर थेट चौकटीत फिरत असे. आधार जितके दूर, तितके दार निवांत.

आता काम कसे करावे ते सांगतो. पहिली गोष्ट, खुंटा चासीच्या मागच्या आडव्या भागाला धरलेला असावा, बॉडीच्या पत्र्याला नव्हे. त्यासाठी जाड लोखंडी चॅनल चासीला बोल्टने आवळावे आणि खुंटा त्यावर उभा करावा. दुसरी गोष्ट, हात जिथे येऊन अडकतो तो खटकाही त्याच चॅनलवर घ्यावा. चासी आणि बॉडी खडबडीत रस्त्यावर वेगवेगळ्या हलतात. खुंटा एकीला आणि खटका दुसरीला, असे केले तर खडखडाट होतो आणि शेवटी काहीतरी तुटते.

खुंट्यासाठी लहान ट्रेलरच्या चाकाचा हब व स्पिंडल चांगला चालतो. हाताला ५० मिलिमीटरचा चौकोनी पाइप घ्यावा, पत्रा निदान ३ मिलिमीटर जाड असावा. गाडी सपाट जागी उभी करून खुंटा ओळंब्याने तपासावा. तो कलता राहिला तर हात आपोआप उघडेल किंवा अंगावर येईल. आधी फक्त टाके मारावेत, हात फिरवून पाहावा, फाळका पुरता उघडतो का ते पाहावे, आणि मग पक्के वेल्डिंग करावे. बेअरिंग वेल्डिंगनंतरच बसवावे, नाहीतर ग्रीस जळते.

इथे एक सावधगिरीची सूचना. या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. तेव्हा वेल्डिंग होता होईल तो भाग गाडीवरून उतरवून, लांब नेऊन करावे. गाडीवर टाका मारणे अटळच असेल तर बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि टाकी काढून दूर ठेवावी.

बंद केलेला हात नुसता लोंबकळू नये; खटक्यापाशी त्याच्याखाली रबर लावलेला टेकू द्यावा, म्हणजे निम्मा भार तिकडे जातो. खटक्याला साखळीची पिन हवीच. हात उघडा राहण्यासाठीही अडकण असावी, कारण उतारावर सुटलेला हात माणसाची बोटे चिरडू शकतो. नंबराची पाटी आणि मागचे दिवे झाकले जाऊ नयेत, आणि काम काढण्याआधी आर. टी. ओ. कचेरीत विचारून घ्यावे. सर्व झाल्यावर दहा किलोमीटर कच्च्या रस्त्याने सावकाश जाऊन यावे आणि प्रत्येक नट पुन्हा आवळावा.

शिक्षक मित्रांनो, तरफेचा धडा आला की फळ्यावर आकृती काढण्याआधी एका मुलाच्या हाती पाण्याची बादली द्या. आधी ती अंगाजवळ धरायला सांगा, मग हात लांब करून. त्याला जे कळेल ते तो विसरणार नाही. मी सूत्र पाठ केले होते, पण ते माझ्या हातात उतरले नव्हते. त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाला मोजावी लागली असती.

माझ्या जीपचे पाचवे चाक आता चासीवर टांगलेले आहे. परवा शेजारच्या आजींना दवाखान्यात न्यायचे होते. पिन काढली, हात बाजूला सारला, फाळका उघडला. मिनिटभराचे काम झाले. आपल्या जीपचे चाक कशाला टांगले आहे, तेवढे उद्या सकाळी एकदा पाहून घ्या.